शहरातून गावात आलेलं मूल: पहिले काही महिने

आधी एक करा, "इथे किती मोकळी हवा आहे बघ" हे पालुपद बंद करा. मोकळी हवा तुम्हाला हवी होती. त्याला त्याचे मित्र हवे होते. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही गावात आलो, आणि मी रोज हेच ऐकवायचे. एके दिवशी म्हणाला, "मग तू एकटीच यायचंस." मी गप्प.

रात्रीची तयारी मात्र हवीच. शहरातल्या मुलाने खरा अंधार पाहिलेलाच नसतो. उशाशी त्याची स्वतःची टॉर्च द्या. झोपण्याआधी दिवा बंद करून दोघं अंगणात बसा. डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. किर्र आवाज रातकिड्याचा, तो पंखावर पंख घासतो. छपरावरची खुडबुड मांजराची. आवाजांना नावं मिळाली की भीती निम्मी होते.

मैत्रीची घाई नको. घोळक्यात ढकलण्यापेक्षा शेजारचं एकच मूल घरी बोलवा. बोलण्यावरून चिडवतील थोडे दिवस, चालायचंच.

विहीर, साप, बांधलेली जनावरं यांचे नियम पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्यात सूट नाही. अंधारात अनवाणी जायचं नाही, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही. गावची मुलं हे बघत बघत शिकलेली असतात, तुमचं नाही.

जुन्या मित्रांचे फोन तोडू नका. आमचा कित्येक महिने रोज बोलायचा. मग एका संध्याकाळी फोन वाजत राहिला, आणि हा शेजारच्या गोठ्यात वासराला बाटलीने दूध पाजत बसलेला.