विश्वाला निर्माता असलाच पाहिजे, असे सर्व धर्म मानतात का?

नाही. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो. तिथे प्रकाश पहिल्या दिवशी येतो आणि सूर्य मात्र चौथ्या दिवशी. कुराणात अल्लाह ‘हो’ म्हणतो आणि ते होते. जैन दर्शनानुसार विश्व अनादि-अनंत असून ते कोणी निर्माण केलेलेच नाही. मला सर्वांत थोर वाटते ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९वे, अवघ्या सात ऋचांचे नासदीय सूक्त: आरंभी असत् नव्हते आणि सत्‌ही नव्हते, म्हणजे ‘नसणे’ही नव्हते आणि ‘असणे’ही नव्हते, असे सांगून ते देवांनाही सृष्टीनंतरचे ठरवते आणि परम व्योमातील (सर्वोच्च आकाशातील) अध्यक्षाला, म्हणजे सृष्टीवर देखरेख करणाऱ्याला, ती कुठून आली हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, अशा निर्भय शब्दांवर थांबते.