देवरहाटीत रोगाला दाद न देणाऱ्या एकाच कोकमाची कलमं लावावीत का?

तुमच्या देवरहाटीतली (देवराईतली) कोकमं पावसाळ्यात पिंक रोगाने, म्हणजे सालीवर वाढणाऱ्या गुलाबी बुरशीने, वाळतात, एकच मादी झाड हिरवंगार राहतं, म्हणून त्याचीच कलमं सगळीकडे लावायचा विचार आहे. कृपया तसं करू नका.

आधी ते झाड खरंच प्रतिकारक आहे का, तेच पाहायला हवं. कडेला, उन्हा-वाऱ्यात उभं असेल तर साल लवकर सुकते आणि बुरशीला शिरकाव मिळत नाही. त्याची चार-पाच कलमं दाट सावलीत, रोगट झाडांच्या शेजारी लावा आणि निदान दोन पावसाळे बघा.

समजा तिथेही टिकली. तरीही अमेरिकेतल्या पाइनचं काय झालं ते लक्षात घ्या. सुईसारखी पानं पाच-पाचच्या जुडग्यात असणाऱ्या पाइनवर क्रोनार्शियम रिबिकोला हा बुरशीचा तांबेरा रोग 20व्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आला. शुगर पाइनमधलं एकच जनुक त्याला अडवतं, हे 1970 मध्ये दाखवलं गेलं. बुरशी सुईत शिरली की भोवतालच्या पेशी मरतात आणि ती तिथेच कोंडते. पण कॅलिफोर्नियात हॅपी कॅम्पला, जिथे अशी प्रतिकारक झाडं एकत्र लावली होती, तिथेच या जनुकाला चुकवणारा प्रकार निघाला. ओरेगनमध्ये वेस्टर्न व्हाइट पाइनच्या दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली. असं एकटं जनुक बुरशीची ठरावीक खूणच ओळखतं. खूण बदललेला बीजाणू निघाला की ते जनुक असलेली सगळी झाडं एकदम उघडी पडतात. झाडाची पिढी बदलायला दशकं लागतात. बुरशी दर हंगामात अगणित बीजाणू सोडते. म्हणून तिथे आता अनेक जनुकांचा, रोग पूर्ण न थांबवता मंदावणारा प्रतिकारही जपतात.

पिंक रोगाची बुरशी आंबा, काजू, फणसावरही जगते, त्यामुळे गावात तिचा साठा कायम असतो. एकाच झाडाच्या कलमांवर सगळी भिस्त ठेवणं म्हणूनच धोक्याचं. शिवाय मादीची कलमं म्हणजे सगळ्या माद्याच; पुढच्या पिढीला नर कुठून आणणार?

त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये निदान 20-25 मादी झाडांची पिकलेली फळं घ्या, शक्यतो एकमेकांपासून 50 मीटरवरची. थोडा रोग लागूनही सावरलेली झाडं मुद्दाम निवडा. प्रत्येकाचं बी सारख्या संख्येने घ्या. बी धुऊन लगेच पिशवीत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. कोकमाचं बी साठवून टिकत नाही, वाळलं की मेलं.

उभ्या झाडांसाठी जुलै ते सप्टेंबर फांद्यांची बेचकी तपासत राहा. आधी कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसतात, मग गुलाबी पापुद्रा धरतो. तंतूंवर असतानाच पकडलं तर खरवडून बोर्डो पेस्ट लावल्यावर फांदी बहुधा वाचते. पापुद्रा फांदीभर पसरला असेल तर गावकर-मानकऱ्यांना विचारून रोगट भागाखाली वीतभर कापा आणि कापलेलं जाळा. पेस्टसाठी एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये, तेही प्लास्टिकच्या बादलीत. मग दोन्ही एकत्र ढवळा. स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर साल भाजते. देवरहाटीत फवारणी टाळा, कारण मोरचूद ओहोळात गेलं की मासे-बेडकांना बाधतं. कापलेल्या जागी ब्रशने लावलेली पेस्ट पुरे.