आईची किमो पुढच्या आठवड्यात बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, सुरू होतेय. घरी काय तयारी करू?

सगळ्यात आधी एक चांगला थर्मामीटर घ्या. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, वॉर्डला फोन करून निघायचंच. परस्पर पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. फोन नंबर आत्ताच मागून फ्रिजवर चिकटवा आणि पेडणे-काणकोणसारख्या लांबच्या ठिकाणी राहत असाल तर रात्रीची गाडीही ठरवून ठेवा.

किडलेला दात असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच दाखवून घ्या, नंतर दात काढणं जोखमीचं होतं. मऊ ब्रश आणा.

खाण्याचा फार बाऊ नको. ताजे, नीट शिजलेले मासे आणि शीत (भात) चालतं; कच्चं सॅलड, बाहेरची चिरलेली फळं, अर्धवट शिजलेले शिंपले (तिसऱ्या, कालवं) टाळा. मळमळ असेल त्या दिवशी पेज पुरते. तोंड आलं तर सोलकढी, लोणचं बंद. उलटीच्या गोळ्या मात्र सांगितलेल्या वेळीच द्या, उलटी होण्याची वाट बघू नका.

शेजारचं कोणी काढा घेऊन येईलच! गोड बोलून ठेवून घ्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे ना, हेही याच आठवड्यात बघा.