फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन पाणचट होतंय? आधी पूड बघा

ताई, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा दाट अर्क, पातळ येतोय म्हणून नवा फिल्टर घ्यावा का असं विचारलंत, पण फिल्टर नवा आणण्याची घाई करू नका. डिकॉक्शन पातळ येतं ते बहुतेक वेळा पूड जाड दळलेली असते म्हणून, नाहीतर वरून पाणी एकदम भसकन ओतल्यामुळे. मला हे नेरुळच्या आमच्या शेजारच्या मामींनी ओट्यापाशी उभं करून शिकवलं.

दोन कपांसाठी साधारण 20 ग्रॅम पूड फिल्टरच्या वरच्या, तळाला भोकं असलेल्या भांड्यात घ्या. वरचं भांडं हलकेच आपटून ती सपाट करा आणि दांड्याची चकती नुसती टेकवा. जोर लावलात तर थेंबही उतरत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचेच पाणी गोल फिरवत घाला. पूड फुगते, वास घरभर सुटतो. मग उरलेलं, एकूण 120 मिलिलिटरच्या आसपास. झाकण लावा आणि वीस मिनिटं फिल्टरला हात लावू नका.

चिकोरीने (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) रंग आणि दाटपणा येतो, पण जास्त झाली की कॉफीची चवच मरते. सुरुवातीला 80 भाग कॉफी आणि 20 भाग चिकोरी असं मिश्रण घ्या.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघड्या पुडीचे आठ दिवसांत गोळे होतात. एका वेळी 100 ग्रॅमच दळून आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चमचा कोरडा हवा.

डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, कडू होतं. कडकडीत तापवायचं ते दूध, तेही म्हशीचं असेल तर फारच छान.