चेहऱ्यातील कळ आणि नीलेचा दाब

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे. तीन वर्षांपासून तिच्या उजव्या गालात आणि जबड्यात विजेचा झटका बसावा तशी कळ येते. दात घासताना, तोंड धुताना, कधी नुसता वारा लागला तरी. दोन दाढा काढूनही फरक पडला नाही. आता एमआरआयमध्ये मज्जातंतूला धमनी नव्हे, तर नीला टेकलेली दिसली आहे. नीलेतील रक्ताचा दाब कमी असतो, मग ती इतकी वेदना कशी देईल? शस्त्रक्रिया करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकाराशी जुळतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारा ट्रायजेमिनल हा मज्जातंतू मेंदूच्या खोडाला जिथे मिळतो, तिथे रक्तवाहिनीचा दाब राहिला, तर तंतूंवरील मायलिनचे आवरण झिजते, उघड्या पडलेल्या तंतूंमध्ये संदेशांची सरमिसळ होते आणि साधा स्पर्शही कळ म्हणून जाणवतो. दुखते दाढेत, पण मूळ तिथे नसते. निरोगी दाढा गमावून आलेले असे रुग्ण पाहताना फार वाईट वाटते.

बहुतेक रुग्णांत दाबणारी वाहिनी धमनीच असते. नीलेला धमनीसारखे ठोके नसतात हे खरे. परंतु ती मज्जातंतूला आवळून बसली असेल किंवा त्याच्या तंतूंमधून आरपार गेली असेल, तर तिचा सततचा दाबही आवरण झिजवू शकतो. वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्येच धमन्यांबरोबर नीलांचीही नोंद केली होती. मात्र नुसते टेकणे हा पुरावा नव्हे, कारण कधीही चेहरा न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असा स्पर्श आढळतो. मज्जातंतू पातळ झाला आहे का, वाकला आहे का, हे अहवालात पाहावे.

कार्बामॅझेपीन या गोळीने कळ आटोक्यात असेल, तर घाई नको. हे औषध घेताना रक्तातील सोडियम तपासत राहावे. अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषधाने ग्लानी येत असेल, तोल जात असेल किंवा कळेच्या भीतीने आईंचे जेवण सुटले असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये.

मज्जातंतूवरील दाब काढण्याच्या या शस्त्रक्रियेत धमनी बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. नीला तिच्या उपशाखांनी जखडलेली असल्यामुळे तशी सहज सरकत नाही. लहान असल्यास ती बंद करून कापता येते. पण मेंदूच्या खोडातून आणि लहान मेंदूतून रक्त वाहून नेणारी मोठी नीला कापल्यास तिथे सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ती शक्यतो राखूनच मोकळी करावी लागते. शिवाय कापलेल्या जागी नव्या नीला वाढू शकतात. अमेरिकी शल्यविशारद पीटर जॅनेटा यांच्या चमूने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ११८५ रुग्णांच्या अभ्यासात, नीलेचा दाब असलेल्यांत दुखणे परतण्याची शक्यता अधिक आढळली. त्यामुळे शल्यविशारदांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : ही नीला आपण कापणार की राखणार, आणि दुखणे परतल्यास पुढचा उपाय कोणता?