मार्चमध्ये धू धू धुतोय, तरी टीममध्ये का नाही?

प्रश्न: आम्ही फिनिक्सजवळ राहतो. मार्चमध्ये मुलाला घेऊन बेसबॉलच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅचेस बघतो आणि घरी येऊन दोघं लिस्ट बनवतो की सीझनच्या पहिल्या दिवशी टीममध्ये कोण कोण असेल. दरवेळी चार-पाच नावं चुकतात. जो पोरगा महिनाभर धुतो त्यालाच नेमकं मायनर लीगला (मेजर लीगच्या खालच्या लीगला) पाठवतात, मुलगा जाम चिडतो. हे ठरतं तरी कसं?
– एक वाचक, ॲरिझोना

उत्तर: मुलाचं चिडणं अगदी रास्त आहे हो. 2015 मध्ये तुमच्या ॲरिझोनातच शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने मार्चमध्ये 9 होमरन मारले, बॅटिंग ॲव्हरेज .425 इतकं जबरदस्त, आणि तरी त्याला खाली आयोवाच्या मायनर लीग टीमला पाठवलं, मग 17 एप्रिलला वर बोलावलं. का, तर मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की एक वर्षाची सर्व्हिस धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा, ब्रायंटचे त्या सीझनला भरले 171! म्हणजे क्लबला तो आणखी एक वर्ष मिळाला. त्याने दाद मागितली, 2020 मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला. मला हे आजही पटत नाही, पोराने अजून करायचं तरी काय होतं? लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या 2022 च्या करारात एक चांगलं झालं, रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला उशिरा बोलावलं तरी पूर्ण वर्ष मिळतं.

तर लिस्ट करताना ॲव्हरेज बाजूला ठेवा आणि आधी कागद बघा. टीममध्ये जागा 26, त्यात पिचर (बॉल टाकणारे) जास्तीत जास्त 13. उरलेल्या 13 बॅटर्समधले डीएच (फक्त बॅटिंग करणारा) धरून नऊ जण आणि दुसरा कॅचर जवळजवळ ठरलेले असतात, मॅच सुरू करणारे पाच पिचर म्हणजे स्टार्टर्सपण बहुतेक ठरलेले, म्हणजे खरी मारामारी बेंचच्या (राखीव) तीन आणि बुलपेनच्या (मॅचच्या मध्येच येणाऱ्या पिचर्सच्या) शेवटच्या दोन-तीन जागांसाठी. तिथे बघायचं की कोणाचे ऑप्शन (मायनर लीगला पाठवायची क्लबची मर्यादित मुभा) संपलेत. ऑप्शन शिल्लक असेल तर क्लब त्याला बिनधास्त खाली पाठवू शकतो, संपले असतील तर आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या टीम्सना संधी द्यावी लागते, आणि दुसरी टीम बदल्यात खेळाडू न देता उचलून नेऊ शकते. म्हणून दोघं सारखेच असतील तर ऑप्शन संपलेलाच राहतो, दुसऱ्याने कितीही चांगलं खेळू दे. रूल फाइव्ह ड्राफ्टमधून (दुसऱ्या क्लबचे मायनर लीगमधले खेळाडू उचलायची निवड) घेतलेल्याचं पण तसंच, सीझनभर मेजर लीगच्या टीममध्ये ठेवला नाही तर वेव्हर्सवरून जुन्या क्लबला परत द्यायची वेळ येते. आणि नुसतं आमंत्रण मिळून कॅम्पला आलेला असेल तर त्याच्यासाठी आधी क्लबच्या 40 जणांच्या यादीत (26 जण यातूनच निवडतात) जागा करावी लागते, म्हणजे कोणाला तरी काढा किंवा 60 दिवसांच्या इंज्युरी लिस्टवर टाका.

आणि ते मार्चचे आकडे कोणासमोर केलेत ते पण बघा ना. आठव्या इनिंगला समोर पाठीवर 80-90 नंबर असलेला, मायनर लीगमधून त्या दिवसापुरता आणलेला पोरगा असतो, आणि पहिल्या इनिंगचा मुरलेला पिचर कधीकधी फक्त नवीन चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) बसतोय का ते बघत असतो, मार पडला तरी त्याला फरक पडत नाही. वर तुमच्याकडची कोरडी हवा, बॉल असाही लांब जातो.

त्यापेक्षा शेवटचे दहा दिवस नीट बघा. इनफिल्डरला (बेसजवळ उभा राहणाऱ्याला) अचानक मागे लेफ्ट फिल्डला उभा केला तर समजा बेंचसाठी त्याचा विचार चाललाय. रिलीव्हरला (बुलपेनमधल्या पिचरला) लागोपाठ दोन दिवस टाकायला लावलं तर तेही चांगलंच लक्षण.

बुलपेनची शेवटची जागा मात्र मी शेवटपर्यंत रिकामी ठेवतो, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या टीम्स आपले ऑप्शन संपलेले लोक वेव्हर्सवर टाकतात आणि कॅम्पमध्ये कधी दिसलाच नाही असा माणूस टीममध्ये येऊन बसतो.