‘द अमेरिकन्स’च्या शेवटच्या भागात कोणी मेलं नाही, तरी चाहते एवढे हळहळले का?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी दोन ओळी जोडल्यात. सहा सीझन जीव मुठीत धरून पाहिले आणि शेवटी एक गोळीसुद्धा चालली नाही, ही पहिली. धाकट्या हेन्रीला तसंच टाकून गेले, याचं कुणालाच काही वाटलं नाही का, ही दुसरी.

मालिका न पाहिलेल्यांसाठी: फिलिप आणि एलिझाबेथ हे जोडपं म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचे, केजीबीचे हेर, अमेरिकेत साधं अमेरिकन कुटुंब म्हणून राहणारे. मुलं दोन, पेज आणि हेन्री. समोर राहतो एफबीआयचा स्टॅन. शेवटच्या भागात बिंग फुटतं आणि ते रशियाला पळून निघतात. तर, पहिल्या ओळीचं उत्तर इथे कुणीही देईल. दुसरी वाचली आणि मी ताट बाजूला सारून टाइप करायला बसलो. कारण हेन्री मी आहे. फरक इतकाच की माझे आईबाप केजीबीत नव्हते. बाबा मस्कतला एका बांधकाम कंपनीचं स्टोअर सांभाळायचे.

आधी मालिकेचं उरकतो. ३० मे २०१८ ला शेवटचा भाग लागला तेव्हा अर्ध्या चाहत्यांची अपेक्षा एकच होती: गॅरेजमध्ये स्टॅन पिस्तूल काढणार आणि कोणीतरी आडवं होणार. पिस्तूल निघालं, पण झाडलं गेलं नाही. दहाएक मिनिटं चार माणसं नुसती उभी राहून बोलतात. एफबीआयचा माणूस समोरच्या घरात राहतो, सहा वर्षं बिअर प्यायला येतो, आणि त्याला कळतं की आपण ज्यांना शोधत होतो ते हेच. तो त्यांना जाऊ देतो. ‘असं कुठं असतं का?’ म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मला ते शंभर टक्के पटलं. स्टॅननं हेर सोडले नाहीत, त्याला आयुष्यात एकच मित्र होता, तो सोडला. शिवाय फिलिप त्याला जाता जाता हेन्रीकडे बघायला सांगतो. ज्याच्या गळ्यात पोरगं टाकायचंय त्याच्याशी भांडून चालत नाही. हे मला १९८८ पासून ठाऊक आहे.

मालिकेचा शेवट घडतो १९८७ च्या डिसेंबरात, गोर्बाचेव्ह आणि रेगन वॉशिंग्टनला क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या करत होते तेव्हा. मला मिरजेत ठेवलं ते त्यानंतर सहा महिन्यांनी, जूनमध्ये. मी आठवीत गेलो होतो. सातवीची स्कॉलरशिप मिळाली होती आणि तेच माझं चुकलं. मस्कतला इंडियन स्कूल होती, पण ‘बोर्ड बदललं तर पोराचं नुकसान होईल’ असं कुणीतरी बाबांच्या डोक्यात घातलं. धाकटी बहीण चौथीत होती, हुशारही बेताचीच (हे ती वाचणार आहे, वाचू दे). तिच्या नुकसानीची कुणाला फिकीर नव्हती म्हणून तिला नेलं. मला मामाकडे ठेवलं.

शेवटच्या भागात हेन्रीला मागे ठेवायचा निर्णय किती वेळात होतो, बघितलंत? फिलिप म्हणतो, तो इथंच राहू दे, त्याचं सगळं इथंच आहे. एलिझाबेथ आधी ऐकायला तयार नसते, मग गप्प होते. संपलं. सहा सीझन एकेका माणसाला गळाला लावायला महिनेन् महिने घालवणारी ही दोघं, आणि पोटच्या पोराचा प्रश्न चार वाक्यांत निकाली! लोकांनी याला घाईघाईचं लेखन म्हटलं. माझं म्हणणं, हीच त्या भागातली सगळ्यात खरी जागा आहे. असे निर्णय घराघरांत असेच होतात. स्वयंपाकघरात, दिवे गेल्यावर, पोरं झोपलीत असं समजून. मी झोपलो नव्हतो.

मला सांगितलं गेलं ते वेगळंच. ‘दोन महिन्यांत तुझीही कागदपत्रं करतो.’ बाबा फलाटावर हे बोलले तेव्हा त्यांच्या एका हातात सुटकेस होती आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. मुंबईहून विमान. धाकटी खिडकीच्या गजांना नाक लावून बसलेली, हातात चिक्की, अर्धी खाल्लेली. आई आतल्या बाजूला. तिनं मुद्दाम आतली जागा घेतली होती हे मला खूप वर्षांनी कळलं.

आता तो गाडीतला प्रसंग आठवा. कॅनडाच्या सरहद्दीवर पासपोर्ट तपासून होतात, गाडी हलते आणि एलिझाबेथला खिडकीतून दिसतं की पेज फलाटावर उभी आहे. मुलगी आपणहून उतरलीय. वर यू-टू बँडचं गाणं. तिथं लोक ढसाढसा रडले म्हणतात. मी नाही रडलो. मला पेजचा हेवा वाटला. ती उतरली. तिनं ठरवलं. हेन्रीला कुणी गाडीत बसवलंही नाही आणि उतरायची संधीही दिली नाही. त्याच्या वाट्याला आला एक फोन.

त्या फोनसाठीच खरं तर हे सगळं लिहितोय. रस्त्याकडेचा फोन, आईबाप आळीपाळीनं बोलतात, पेजच्यानं तर बोलवतही नाही. तिकडे हॉस्टेलवर हेन्री टेबल टेनिस अर्धं टाकून आलेला. त्याला वाटतं, ह्यांचं काय हे अवेळी प्रेम, उद्या बोलू की. आणि तो ठेवतो. आम्ही हा भाग २०२० च्या लॉकडाउनमध्ये बघितला, मी पुण्यात आणि धाकटी टोरंटोत. एक-दोन-तीन म्हणून दोघं एकदम प्ले दाबायचो. हा प्रसंग आला आणि मी बटण दाबून थांबवलं. तिकडून ती विचारतेय, ‘दादा, तुझं नेट गेलं का?’

मामाकडे फोन नव्हता. खालच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता, त्यांच्याकडे होता. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, म्हणून फोन शुक्रवारी संध्याकाळी. बाहेरच्या बाकावर खोकणारी माणसं, टेबलावर निळ्या शाईच्या पॅडशेजारी काळा फोन, आणि कंपाउंडर जिन्यातून ओरडायचा, ‘मस्कत आलं रे!’ पहिल्या पावसाळ्यात मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत जायचो. दिवाळीनंतर चालत. पुढच्या उन्हाळ्यातला एक शुक्रवार असा होता की गल्लीत मॅच रंगात आली होती, मी पॅड म्हणून पायाला पुठ्ठे बांधून बसलो होतो आणि नेमकं मस्कत आलं. आई काहीतरी विचारत होती, बहुतेक डोळ्यांचा नंबर. मी म्हटलं, ‘हो. बरं. ठेवू? माझी बॅटिंग आहे.’ आणि ठेवला. चार रन काढून आउट झालो.

दोन महिन्यांचे दहावीपर्यंत तीन वर्षं झाले. मग अकरावी, मग इंजिनिअरिंगचं हॉस्टेल. आम्ही चौघं पुन्हा एका घरात नीट राहिलो असं झालंच नाही. बाबा कायमचे परत आले २००३ साली. तोवर माझ्या मांडीवर माझाच मुलगा होता.

माझं आणि धाकटीचं जुनं भांडण इथंच आहे. तिचं म्हणणं: तुला काय झालं? मामीच्या हातची भाकरी, गल्लीभर मित्र, रंकाळा बघायला कोल्हापूर. मी मात्र उन्हाळ्यात चार-चार महिने एसी लावलेल्या दोन खोल्यांत कोंडून वाढले. मराठी धड नाही, हिंदी धड नाही, दहावीनंतर पुण्यात आले तेव्हा रिक्षावाल्याशी बोलता येईना. तू राहिलास तो सुटलास, मला नेलं ती अडकले. माझं म्हणणं: तुला रात्री पाणी प्यायला उठल्यावर आई दिसायची. विषय बंद.

तिच्या हातात एक हुकमी पत्ता आहे आणि तो तिनं त्या रात्री टाकलाच. मालिका सुचली ती २०१० मध्ये अमेरिकेत पकडलेल्या दहा रशियन हेरांवरून. त्यांतलं एक जोडपं, आंद्रे बेझ्रुकोव्ह आणि येलेना वाविलोव्हा, मॅसॅच्युसेट्समध्ये कॅनेडियन नावांनी राहत होतं. पोरं टिम आणि अ‍ॅलेक्स, दोघांचा जन्म टोरंटोचा. धाड पडली तो थोरल्याचा विसावा वाढदिवस. व्हिएन्नाला अदलाबदल होऊन आईबाप मॉस्कोला गेले, पोरंही तिकडे. ज्या देशाची भाषाही येत नाही तिथं, नव्या आडनावासकट. कॅनडानं नागरिकत्व काढून घेतलं. अ‍ॅलेक्स वर्षानुवर्षं कोर्टात लढला आणि २०१९ च्या डिसेंबरात तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तिकडे सगळ्या बातम्यांत होतं. धाकटी म्हणे, ‘बघ, बरोबर नेलेली पोरं जन्मभर परत यायला झगडतात. फिलिपनं केलं तेच बरोबर. बाबांनीही.’

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण माझी तक्रार ठेवण्याबद्दल नव्हतीच कधी. ठेवा ना! ठेवताना सांगा. ‘दोन महिन्यांत नेतो’ म्हणू नका. मी दोन वर्षं पिशवी भरलेली ठेवली होती पलंगाखाली, एक स्वेटरसुद्धा घातला होता तिच्यात. मस्कतला स्वेटर! फिलिपनं निदान स्टॅनला तरी सांगितलं, की पोराला खरं काय ते सांग. आणि स्टॅन जातो, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाशी हेन्रीला गाठतो. आपल्याला शब्द ऐकूच येत नाहीत, लांबून नुसती दोन माणसं दिसतात. मला वाटतं, लिहिणाऱ्यांना कळलं होतं की त्या वाक्यांना शब्द नाहीत. माझ्या मामांना कुणी असं सांगायला सांगितलं नाही. ते बिचारे दर गणपतीला म्हणायचे, ‘येतील कागद.’

म्हणून तुमच्या घरात कुणी असा विचार करत असेल, दुबईची ऑफर आलीय आणि पोरगी नववीत आहे वगैरे, तर एकच करा. तिला समोर बसवून सांगा की किती वर्षं आणि का. तारीख द्यायची असेल तर खरी द्या, नाहीतर देऊ नका. ती रडेल, आदळआपट करेल, करू दे. खोटी तारीख मूल पाठ करून ठेवतं.

आईची बाजूही सांगायला हवी, नाहीतर धाकटी इथं येऊन सांगेल. आई आता माझ्याकडेच असते. दुसऱ्या दिवशी तिला तो फोनचा तुकडा दाखवला. इंग्रजी तिला कळत नाही. मी म्हटलं, ही दोघं कायमची चाललीत, मुलाला माहीत नाही. तिनं चष्मा पुसून पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा बघितलं. मग म्हणाली, ‘बाई शहाणी आहे. आवाज हलू दिला नाही.’ आणि जरा वेळानं, ‘आम्हाला तर रडायलाही पैसे पडायचे. मिनिटाला केवढा तो आकार. तुझे बाबा घड्याळ धरून उभे.’ बॅटिंगचा विषय मी काढला नाही. तिनंच काढला. ‘किती केलेस त्या दिवशी?’ मी म्हटलं, पन्नास.

असो. तुमचा मूळ प्रश्न राहिला, चाहते एवढे हळहळले का. कारण गोळी घातली असती तर सुटले असते दोघं. त्याऐवजी मॉस्कोबाहेर रात्री गाडी थांबते, समोर शहराचे दिवे, आणि एलिझाबेथ रशियनमध्ये म्हणते की सवय होईल. पंचाहत्तर भागांचं शेवटचं वाक्य हे. पोरं जिवंत आहेत, खुशाल आहेत, आणि आता कधी भेटणार नाहीत. याहून जबर शिक्षा कोणत्या लेखकाला सुचली असती? मालिकेचा निर्माता जो (Joe) वाइझबर्ग हा स्वतः सीआयएत नोकरी केलेला माणूस, त्याला बंदुकांचं अप्रूप नसावं. त्या भागाच्या लेखनाला एमी पारितोषिक मिळालं, फिलिप झालेल्या मॅथ्यू ऱ्हीसलाही मिळालं. एलिझाबेथ झालेल्या केरी रसेलला मिळालं नाही, यावर चाहते अजून चिडतात आणि बरोबर चिडतात.

माझं सगळंच गोड मानून घेऊ नका. केजीबीतून बाहेर पडलेल्या ओलेगचं काय? सगळ्यांत सरळ वागलेला माणूस अमेरिकेच्या तुरुंगात, मागे बायको आणि तान्हं मूल. त्याच्या बापाला ते कळतं तो प्रसंग हेन्रीइतकाच वाईट आहे आणि मी त्यावर एक ओळ लिहितोय, कारण मी ओलेग नाही. आणि फिलिप-एलिझाबेथनं किती निरपराध माणसं मारली ते विसरून मी त्यांच्या पोरासाठी गळा काढतोय हेही मला कळतं. पत्त्यांचं हे असंच असतं, ज्याच्या हातात जे पान तो तेवढंच बघतो.

स्टॅनची बायको रेने हेर होती का, हे खाली कुणीतरी विचारलंय. निर्मात्यांनी ते उघडंच ठेवलंय. माझ्या मते होती. रस्त्यावर उभी राहून ती समोरच्या घराची झडती बघते, त्या नजरेत शेजारणीची भोचक उत्सुकता औषधालाही नाही.

आणि हो, शेवट फोडलाय मी सगळा, हे वरच लिहायला हवं होतं. माफ करा. ज्यांनी बघितली नाही त्यांनी तरीही बघा, पहिले चार भाग धीर धरून.

धाकटीला लिंक पाठवतोय. तिनं खाली येऊन लिहिलं की गाडी सुटल्यावर दादा फलाटाच्या टोकापर्यंत खिडकीबरोबर पळत आला होता, तर विश्वास ठेवू नका. नऊ वर्षांची होती ती. मी पुस्तकांच्या स्टॉलपाशी जागचा हललो नव्हतो.